सहा जणांचा तंबू



धानाची कापणी-मळणी आटोपली, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात बाहेर राहायला जाण्याचे दिवस येतात. नवेगावबांध, बोदलकसा, चुलबंद, हाजरा फॉल, इटियाडोह; कुठंही जा, हवा कोरडी असते आणि तलाव भरलेले असतात. स्काऊटचा शिक्षक म्हणून मी बरीच वर्षं मुलांची शिबिरं घेतली. आता मला विचारणा होते ती कुटुंबांकडून. "गुरुजी, आम्ही सहा जण आहोत, सोबत आईही येणार. मोठा तंबू घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" आज त्याविषयीच बोलणार आहे.

कुटुंबानं उघड्यावर मुक्काम करणं आपल्याकडे नवीन नाही. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंडांच्या कोया पुनेम धर्माची यात्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून गोंड कुटुंबं येतात, भांडीकुंडी आणि तान्ही मुलं घेऊन. चार बांबू, एक ताडपत्री, खाली तणस, आणि घर तयार. बाजारातला तंबू म्हणजे याच घराचं शिवलेलं रूप. म्हणून त्याची निवड एखाद्या वस्तूसारखी न करता घरासारखी करावी, असं माझं सांगणं आहे.

घर बांधताना आपण आधी जागा बघतो. तंबूच्या बाबतीत मात्र लोक आधी तंबू घेतात आणि मग तो मावेल अशी जागा शोधत फिरतात. इथंच पहिली चूक होते.

आपला जिल्हा तलावांचा. यातले कितीतरी तलाव जुन्या काळी कोहळी समाजानं बांधले. नवेगावचा बांधही त्यांचाच. पाणी कुठून येईल, कुठं थांबेल, कुठून निघून जाईल, हे त्या माणसांना जमिनीच्या उतारावरून कळायचं. तंबूची जागा निवडताना तीच नजर उलटी वापरा. कोहळ्यांनी तलावासाठी जी जागा पसंत केली असती, ती तंबूसाठी सोडून द्या. सखल भाग, दोन उतारांमधली खोलगट पट्टी, कोरड्या नाल्याचा तळ, तलावाची अगदी काठाची ओली जमीन, हे सगळं वर्ज्य. कापणी झालेली रिकामी बांधी दिसायला फार छान दिसते, सपाट, मोकळी. पण बांधी बांधलेलीच असते पाणी अडवून धरायला. डिसेंबरात तिथं निभेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो, गारा पडतात. त्या रात्री चारही बाजूंच्या धुऱ्यांमध्ये तुम्ही आणि पाणी, दोघंच असाल.

तलावाच्या काठापासून दूर राहण्याला आणखी एक कारण आहे. पाण्याजवळ पहाटे दव फार पडतं आणि थंडी जास्त झोंबते. शिवाय हिवाळ्यात त्याच उथळ पाण्यात बाहेरचे पक्षी उतरलेले असतात. महाराष्ट्रातले सारस तर मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरले आहेत. त्यांच्या काठावर आपण गाणी लावून बसू नये, ही माझी मनापासूनची विनंती.

जंगलाचंही स्पष्ट सांगतो. 1970 साली नागझिरा अभयारण्य झालं, 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. या संरक्षित जंगलात आपला तंबू नेऊन ठोकता येत नाही. तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. त्याबाहेरही वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी घ्या, खासगी शेत असेल तर मालकाला विचारा, आणि कुठंही असलात तरी गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवा की आम्ही इतकी माणसं अमुक ठिकाणी आहोत.

आणि मोहाच्या झाडाखाली तंबू नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला, की पहाटे फुलं वेचायला माणसं येतात, त्यांच्याआधी अस्वल येऊन गेलेलं असतं.

आता तंबूकडे वळू. पिशवीवर लिहिलेलं असतं "आठ माणसांचा". हा आकडा कसा काढतात? माणसं एकमेकांना खांदे लावून झोपली, प्रत्येकाला साधारण दोन फूट रुंदी दिली, तर किती मावतील, एवढंच बघतात. त्यात सामान नाही, वाट नाही, रात्री उठणारं मूल नाही. माझा हिशेब साधा आहे. माणशी पंचवीस चौरस फूट. सहा जणांना दीडशे, म्हणजे पंधरा फूट बाय दहा फूट. आणि दोरांसाठी चारही बाजूंना पाच-पाच फूट सोडले, तर जमीन लागेल पंचवीस बाय वीस. दुकानात जाण्याआधी हे माप अंगणात रांगोळीनं आखा. त्यात घरच्या सगळ्यांना आडवं व्हायला सांगा, बॅगा ठेवा. पाच मिनिटांत कळेल, काय हवं ते.

उंचीचं माप घ्यायचं ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं. गुडघे दुखणाऱ्या आईला रांगत आत जावं लागलं, तर ती पुढच्या वेळी "तुम्हीच जा" म्हणेल. तिला ताठ उभं राहून लुगडं नेसता आलं पाहिजे. मध्यभागी सव्वासहा फूट उंची, दार उंच, आणि आत एक पडदा, म्हणजे दोन खोल्या होतील. मोठा तंबू घेण्याचं खरं कारण मला हेच वाटतं. लहान तंबूंत तरुण जातात. मोठ्या तंबूत आजी जाते, बाळंतपणातून उठलेली लेक जाते, आणि सहल कुटुंबाची होते.

मात्र वजन बघा. पॉलिएस्टरचा एवढा तंबू बारा-पंधरा किलोंचा असतो. जाड सुती कॅनव्हासचा तीस-चाळीस किलोंपर्यंत जातो. दारापर्यंत गाडी जाणार असेल तर कॅनव्हास उत्तम. त्यातून हवा खेळते, ऊन कमी लागतं, वर्षानुवर्षं टिकतो. पण लोकलनं दरेकशाला उतरून हाजरा फॉलकडे पायी जाणार असाल, तर मोठ्या तंबूचा हट्ट सोडा. तीन-तीन माणसांचे दोन तंबू दोघांच्या खांद्यावर वाटून न्या.

कॅनव्हासचा नवा तंबू घेतलात तर पहिल्या सहलीआधी तो उभा करून पूर्ण भिजवा आणि वाळवा. सुताचे धागे फुगतात आणि शिवणीतली सुईची भोकं बुजतात. पॉलिएस्टरला हा गुण नाही, म्हणून त्याच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे दुकानातच उलटून बघा. पॉलिएस्टरच्या तंबूवर एक आकडा लिहिलेला असतो, 1500 मिलिमीटर, 2000, 3000. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत पाणी झिरपत नाही, त्याचं ते माप. छताला 2000 असलं तरी चालतं. तळाला मात्र 3000 किंवा अधिक हवं, कारण ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा किंवा कोपर टेकता तेव्हा तेवढ्या जागी दाब फार वाढतो आणि पाणी वर येतं.

तळ भिंतींना शिवलेला आणि कडेला परातीसारखा वीतभर वर उचललेला असावा. यात मी तडजोड करत नाही, आणि कारण पावसापेक्षा मोठं आहे. आपल्याकडे मण्यार आहे. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका हलका, की झोपेत कळतही नाही. सूज नसते, पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. शिवलेला तळ आणि बंद केलेली चेन, एवढ्यानं हा धोका जवळजवळ टळतो. म्हणून आत-बाहेर करताना दर वेळी चेन पूर्ण लावायची, दिवसासुद्धा. चपला-बूट झटकून घालायचे, कारण विंचूही आहेत. आणि साप चावल्याची शंका जरी आली, तरी बांधणं, कापणं, मंत्र, काही करू नका. 108ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

तळाच्या खाली ताडपत्री अंथरतात, ती कशी अंथरायची ते मी अनुभवातून शिकलो. फेब्रुवारीच्या शेवटी मुलांचं शिबिर एका तलावाजवळ होतं. जागा उंच होती, दोर ताणलेले होते. ताडपत्री मात्र तंबूपेक्षा मोठी होती आणि कडेनं फूटभर बाहेर आलेली होती. आम्हाला वाटलं, तेवढीच स्वच्छ जागा. रात्री दोनला पाऊस आला. छतावरचं सगळं पाणी त्या बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडलं आणि तिच्यावरून वाहत तंबूच्या खाली जमलं. बावीस मुलं ओल्या अंथरुणात उठून बसली. तेव्हापासून माझा नियम आहे: ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान. एक काठही बाहेर दिसता कामा नये.

मेखांबद्दल थोडं. तंबूसोबत ज्या बारीक तारेच्या मेखा येतात, त्या आपल्या मुरमाड जमिनीत वाकतात. गावच्या लोहाराकडून आठ मिलिमीटर सळईच्या फूटभर लांब, वर आकडा केलेल्या वीस मेखा करून घ्या. मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं असावं, म्हणजे दोर तिला उपटू शकत नाही. वाळूत मेख धरत नाही; तिथं पिशवीत वाळू भरून तिला दोर बांधा आणि ती पिशवी पुरा. आणि दोर सगळे बांधा. संध्याकाळी वारा नसतो म्हणून अर्धे दोर गुंडाळूनच ठेवणारी माणसं मी दर वर्षी बघतो. मोठ्या तंबूची भिंत म्हणजे शीड असतं. वावटळ सांगून येत नाही. दोरांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या, तर अंधारात मुलं अडखळत नाहीत.

विजा चमकू लागल्या तर तंबू हा आसरा नव्हे. कितीही चांगला असो, त्यातून बाहेर पडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जाऊन बसायचं.

आता थंडीविषयी. यासाठीच मी आज खरं तर इथं आलो आहे. गोंदियाची थंडी विदर्भात प्रसिद्ध आहे, डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. मोठा तंबू लहानापेक्षा थंड असतो, कारण आत हवा जास्त आणि ती तापवायला माणसं तेवढीच. मग कुणीतरी म्हणतं, शेगडी आत घ्या. श्रोतेहो, कोळशाची शेगडी, लाकडाचे निखारे, गॅसची शेगडी, यातलं काहीही तंबूत नेऊ नका. दार थोडं उघडं ठेवलं तरी नाही. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं आपल्याला ऊब मिळून झोप येतेय. त्या झोपेतून माणसं उठत नाहीत. पॉलिएस्टरला ठिणगी लागली तर ते वितळत जळतं, आणि सहा माणसांना एका दारातून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. शेकोटी तंबूपासून तीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली.

मग ऊब कशी मिळवायची? अंगाखालून. उष्णता जमीन ओढून घेते, म्हणून वर दोन रजया घेण्यापेक्षा खाली एक जाड थर घालणं जास्त उपयोगाचं. ताडपत्रीखाली वीतभर तणस पसरा. यात्रेतली माणसं हेच करतात आणि त्यांचं बरोबर आहे. तणस पेट घेतं, म्हणून तंबूत उदबत्ती, कासवछाप, मेणबत्ती काही नको. बॅटरीचा दिवा वापरा. झोपताना रबरी पिशवीत गरम पाणी भरून लहानांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पायांशी द्या. पडदा ओढून सगळ्यांनी एकाच खोलीत झोपा. आणि वरच्या जाळीच्या खिडक्या, कितीही थंडी वाजली तरी, थोड्या उघड्या ठेवा. रात्रभरात एकेक माणूस श्वासावाटे आणि अंगावाटे पेलाभर तरी वाफ सोडतो. सहा माणसांचं ते पाणी बाहेर गेलं नाही, तर छताला जमून पहाटे अंथरुणावर गळतं. मग लोक म्हणतात तंबू गळका निघाला. तंबू चांगला असतो, खिडक्या बंद असतात.

खाण्याचं सामान गाडीत ठेवा. तंबूत पोह्याचा एक दाणा सांडला तरी मुंग्या येतात, आणि घरी ठेवलेल्या तंबूला त्याच वासानं उंदीर कुरतडतात.

परतल्यावर तंबू गुंडाळून तसाच माळ्यावर टाकू नका. दव पडलेला तंबू दोन दिवस गुंडाळलेला राहिला तरी बुरशी धरतो. सावलीत पूर्ण वाळवा. कडक ऊन कापड कमजोर करतं. मग सैल घडी घालून सुती पोत्यात भरा आणि आढ्याला टांगून ठेवा.

तंबू घेतला असेल तर पहिला मुक्काम घरच्या अंगणात करा. येत्या रविवारी उभा करा, किती वेळ लागतो ते बघा, पाइपनं छतावर अर्धा तास पाणी मारा आणि आत बसून कुठं झिरपतं ते शोधा. रात्री सगळे त्यात झोपा. काही अडलं तर घर दहा पावलांवर आहे. नवेगावबांधला ते नसेल.