ज्युबिली आणि भूमीचा विसांवा
(ज्युबिलीदिनीं केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द आज आपण आनंदोत्सव ह्या अर्थानें वापरतों; परंतु त्याचा मूळ संबंध जमिनीशीं आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें आज्ञा केली कीं, दर सातव्या वर्षीं शेतास विसांवा द्यावा, आणि पन्नासाव्या वर्षीं ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. कारण भूमि देवाची. आपण केवळ तिजवरील कुळें. देवळाच्या भिंती रंगल्या, पण गांवचें गायरान उजाडच राहिलें, तर आपली ज्युबिली अर्धीच झाली, असें आम्हांस वाटतें.

म्हणून आज आटपाडीकडे दृष्टि वळवूं. हा पर्जन्यछायेंतील माणदेश. येथील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीबाजरी, मेंढरें व खिलार जनावरें ह्यांवर निर्वाह केला. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांस अद्याप आठवत असेल.

परंतु हा भाग केवळ दुष्काळाचा नव्हे. आटपाडी औंध संस्थानांत असतां १९३९ मध्यें राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं ग्रामपंचायतींच्या हातीं कारभार सोंपविला. त्याच वर्षीं पोलंडचे मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या साहाय्यानें आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही भिंतींवांचून कैद्यांची वसाहत उभी राहिली. कैद्यांनीं माळ कसला. माळानें कैद्यांस माणूस केलें. भूमि सुधारणें आणि माणूस सुधारणें हीं दोन कामें नव्हेत, एकच होय, हा धडा येथेंच मिळतो.

पुढें १९९३ मध्यें नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आदींनीं पाण्यासाठीं चळवळ उभारली. भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वांटा मिळावा, ही तिची मागणी होती. आतां कऱ्हाडनजीक टेंभू येथून कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून ह्या भागांत येतें. हें देवाचें देणें आणि लोकांच्या कष्टाचें फळ आहे.

खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. नियोजनाच्या वहींत आधीं कालवा, रस्ता, कारखाना लिहिला जातो. उरल्या जागेंत झाडें. हा क्रम उलटावा, असें आम्ही म्हणतों. उताराचें गवत पावसाचा मारा झेलतें, पाणी मुरवितें, विहिरीस झरा देतें. तें गेलें कीं माती ओढ्यांत आणि गाळ तलावांत. उचललेल्या पाण्याचें विजेचें बिल दरवर्षीं येतें. गवतानें मुरविलेल्या पाण्याचें येत नाहीं. मग कुरण ही पडीक जमीन कशी? तें तर तालुक्याचें मुद्दल! आणि आलेलें पाणी थोडक्यांच्या उसांतच मुरलें, तर समान वांट्याचें काय उरलें?

२०२३ मध्यें सरकारनें आटपाडीचें ९.४८ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलें. तेथें लांडगा आहे, कोल्हा आहे. कोणी म्हणेल, लांडगा मेंढरें नेतो, त्याचें कौतुक कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. ज्या मेंढपाळाचें कोकरूं गेलें त्यास भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. रानाचा भार एकट्या गरिबानें वाहूं नये. परंतु लांडगा जगतो तेथें गवत असतें, आणि गवतावरच मेंढपाळाचेंही पोट आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत हेंच शिकविलें कीं, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयाचे असतात.

तेव्हां बंधुभगिनींनो, ज्युबिलीचा एक संकल्प करूं या. ग्रामसभेस जाऊं, गायरान, ओढा आणि नदीची वाळू ह्यांचा विषय निघेल तेव्हां गप्प बसणार नाहीं. आपल्या आवारांतील पावसाचें पाणी आवारांतच जिरवूं. परमपित्यानें आदामास बाग दिली ती मशागतीसाठीं आणि राखणीसाठीं. मशागत आपण पुष्कळ केली. आतां राखण करूं या. प्रभु आपणांस व आपल्या भूमीस आशीर्वाद देवो.