मदतीला धावणारा शब्द



इंग्रजीत मदत या अर्थाचे शब्द बरेच आहेत. हेल्प, एड, असिस्टन्स, रिलीफ हे तर रोज कानावर पडतात. त्यांचाच एक भाऊबंद मात्र बोलण्यात क्वचित येतो. तो शब्द म्हणजे ‘सकर’. संकटात सापडलेल्याला केलेले साहाय्य, असा त्याचा अर्थ कोशात मिळतो. मला मात्र अर्थाहून त्याची घडण अधिक बोलकी वाटते.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘सब’ म्हणजे खाली किंवा खालून आणि ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणे. दोन्ही मिळून झाले ‘सुक्कुर्रेरे’, म्हणजे आधार द्यायला धावून जाणे. याच ‘कुर्रेरे’च्या कुळात टपाल घेऊन धावणारा कुरियर आहे, वाहणारा करंट आहे आणि हातोहात फिरणारी करन्सीही आहे.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. फ्रेंच ही तिथल्या दरबाराची भाषा झाली आणि तिच्यातून हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा त्याच्या शेवटी ‘स’ होता. तो मूळ शब्दाचाच भाग, पण लोकांना वाटले की हे अनेकवचन आहे! त्यांनी ‘स’ गाळून नवे एकवचन घडवले. मटाराला इंग्रजीत ‘पी’ म्हणतात, तेही मूळच्या ‘पीज’मधून अशाच समजुतीने निघाले.

‘हेल्प’ हा शब्द इंग्रजांच्या घरात त्याआधीपासून होता. म्हणून बुडणारा इंग्रज आजही ‘हेल्प’ असेच ओरडतो, आणि ‘सकर’ राहिला तो ग्रंथांत आणि प्रार्थनांत. फ्रेंच माणूस मात्र ‘ओ सकूर’ म्हणून हाक मारतो, तर स्पॅनिश आणि पोर्तुगीज माणूस ‘सोकोरो’ म्हणून.

पोर्तुगिजांबरोबर हा शब्द गोव्यातही उतरला. बार्देशातले सुकूर हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पोर्तुगीजमध्ये ते ‘सोकोरो’. तिथले चर्च संकटात धावून येणाऱ्या मेरीमातेचे आहे.

दुसरे सोकोरो आहे दूर अमेरिकेत, न्यू मेक्सिकोमध्ये. 1598 साली ओन्याते या स्पॅनिश सेनानीचा तांडा वाळवंट ओलांडून तिथे पोहोचला. तिथल्या पिरो लोकांनी त्यांना मका दिला, म्हणून स्पॅनिशांनी त्या ठिकाणाला हे नाव दिले. आज पिरोंची भाषा बोलणारे कुणी उरलेले नाही. घेणाऱ्यांनी ठेवलेले नाव नकाशावर आहे, देणाऱ्यांचे शब्द मात्र गेले.

आता आपल्या मराठीकडे पाहा. आपण देवाचा ‘धावा’ करतो. शेजारी अडीनडीला ‘धावून’ येतो. ही कल्पना आपण लॅटिनकडून घेतलेली नाही, त्यांनीही आपल्याकडून घेतली नाही. संकटातल्या माणसाला सर्वत्र एकच हवे असते. कुणीतरी यावे, आणि वेळेवर यावे.

प्रथमोपचाराला पोर्तुगीजमध्ये ‘प्रिमेइरुस सोकोरुस’ म्हणतात, म्हणजे पहिली धाव. रस्त्यावरच्या अपघातात हीच पहिली धाव जीव वाचवते. पण गर्दी जमते आणि पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पाऊल पुढे पडत नाही. ही भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमही आले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय 108 हा क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते.

सहानुभूती जागच्या जागी उभे राहूनही वाटू शकते. मदतीला मात्र पाय लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लॅटिन शब्दाने एवढे एक नेमके ओळखले होते. आपल्या ‘धावा’ या शब्दानेही तेच ओळखले आहे.