परदेशची उमेदवारी आणि तिचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. विद्यापीठ, पदवी, परदेश असल्या विषयावर बोलायला मला उभे करणे हे चिटणीसबाईंचेच धाडस. मी नाही म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा प्रश्न तुमच्या घरात येऊन गेला आहे. पुस्तकातले सांगणारे पुष्कळ आहेत, घरातले तुम्ही सांगा." म्हणून चार शब्द बोलते. अधिकउणे पोटात घालावे.

विषय असा की, मुलीने परदेशात जाऊन उमेदवारी केली, म्हणजे मुले जिला इंटर्नशिप म्हणतात ती केली, तर ती पदवीच्या अभ्यासात धरली जाते का? धरली जाते. परंतु कोणी धरायची, किती धरायची आणि कशाबद्दल धरायची, हे समजून घेतल्याशिवाय मुलीला विमानात बसवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

आता पदवीचा हिशेब श्रेयांकांत होतो. आपल्या बचत गटाच्या पुस्तकात जशी दरमहाची वर्गणी जमा होते, तसा मुलीच्या नावावर अभ्यास जमा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक सांगितले आहेत. वर्गात बसून शिकण्याच्या १५ तासांना एक श्रेयांक, आणि हाताने काम करून शिकण्याच्या ३० तासांना एक. उन्हाळ्याच्या सुटीतली लहान उमेदवारी दोन ते चार श्रेयांकांची, म्हणजे ६० ते १२० तासांची असते. हे श्रेयांक साठवायला जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक निघाली. मात्र ही बँक आपल्या बँकेहून एका गोष्टीत निराळी आहे. इथे मुलीला स्वतःला भरणा करता येत नाही. भरणा कॉलेजने किंवा विद्यापीठानेच करायचा. म्हणजे परदेशातून कितीही सोनेरी अक्षरांचा दाखला आणला, तरी कॉलेजने तो मानला नाही तर खाते कोरडेच राहते. सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे.

कामातून शिकणे आणि ते पदवीत धरणे हे आपल्याला नवीन नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मुली शेवटच्या वर्षी गावोगाव येऊन राहतात, बागायतदारांबरोबर काम करतात, आपल्या अंगणात बसून माहिती टिपून घेतात. त्यांना आपण कौतुकाने कृषीकन्या म्हणतो. ते त्यांचे फिरणे नव्हे, ती त्यांची परीक्षाच असते. तसेच बोटीवर जाणाऱ्या मुलांचे. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम असा आहे की, एक वर्ष जमिनीवर शिकायचे, पुढे अठरा महिने बोटीवर उमेदवारी करायची, आणि ती पुरी झाली म्हणजे बी. एस्सी. ची पदवी. बोट मग सिंगापूरला जावो की रॉटरडॅमला. त्या मुलाजवळ एक नोंदवही असते. आज काय शिकला ते तीत लिहायचे आणि वरच्या अधिकाऱ्याने सही करायची. सही नाही, तर शिकणे नाही. समुद्रावरच्या लोकांना हे शहाणपण आहे, ते जमिनीवरच्यांनीही घ्यावे.

परदेशात ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली २७ विद्यार्थ्यांवर तिचा प्रारंभ झाला. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात. युरोपात १९८७ पासून एरास्मस नावाची योजना आहे. तिच्यामुळे एका देशाचा विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकला, तर ते त्याच्या घरच्या विद्यापीठात जमेस धरतात. पण मापे निरनिराळी आहेत, हे विसरू नये. युरोपात एका वर्षाचे ६० श्रेयांक होतात, इंग्लंडात १२०, आपल्याकडे ४०. पायलीचे माप आणि किलोचे माप एक नव्हे. तिकडे ३० मिळाले म्हणून इकडे ३० जमा होत नाहीत. वर्षाच्या हिशेबाने ते वीसच्या आसपास येतात, आणि तोही हिशेब कॉलेजने मान्य केला पाहिजे.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी मुलगी मुंबईला हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीला आहे. दुसऱ्या वर्षाला असताना एक गृहस्थ तिच्या मैत्रिणींकडून आमच्यापर्यंत पोचले. मॉरिशसला सहा महिने मोठ्या हॉटेलात काम, राहणे-जेवण फुकट, आणि "हे सगळे डिग्रीत धरतात." त्यांची फी एक लाख ऐंशी हजार. मुलगी हरखली. घरातही सगळ्यांचे मत पडले की, आंब्याचे पैसे आलेत, पाठवून द्यावी. मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "कोण धरणार? तसे तिच्या कॉलेजने कुठे लिहून दिले आहे?" ते हसून म्हणाले, "बाई, ते सगळे आपोआप होते."

भगिनींनो, आपोआप फक्त दूध उतू जाते. बाकी सगळे कोणाला तरी करावे लागते.

आम्ही मुलीला तिच्या प्राध्यापकांकडे पाठवले. त्यांनी स्पष्ट सांगितले, "या लोकांशी आपला करार नाही. तू गेलीस तर सहा महिन्यांची गैरहजेरी लागेल, श्रेयांक मिळणार नाहीत आणि सत्र फुकट जाईल." आम्ही नकार दिला. मुलगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. शेजारीपाजारीही म्हणाले, आईने पोरीची संधी घालवली. ते आठ दिवस मला फार जड गेले, हे लपवत नाही. कारण ती शिकत होती त्यातले मला काही कळत नव्हते. मला फक्त कागद कळत होता.

कागदाचे भय आपल्या कोकणाला असायलाच हवे. याच मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची माणसे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली, पाच-पाच वर्षांच्या करारावर. अ‍ॅग्रीमेंट या शब्दाचेच पुढे गिरमिट झाले. कागदात काय आहे हे न वाचता येणाऱ्यांनी त्यावर अंगठे उठवले. आपल्या मुली आज वाचू शकतात. मग त्यांनी न वाचता का सही करावी?

पुढे तिसऱ्या वर्षाला कॉलेजच्या करारातूनच मॉरिशसचे एक हॉटेल मिळाले. या खेपेला तीन सह्यांचे पत्र हातात होते: कॉलेजची, हॉटेलची आणि मुलीची. वीस श्रेयांक मिळतील, कोणत्या विभागात किती आठवडे, रोज किती तास, विद्यावेतन किती, आजारी पडली तर खर्च कोणाचा, सगळे त्यात लिहिलेले. व्हिसा पर्यटकाचा नव्हे, प्रशिक्षणाचा. विमानाचे भाडे आम्ही घातले, दलालाला दमडी नाही. ती गेली, आणि गणेश चतुर्थीला तिचा फोन आला. तिकडे त्या दिवशी सरकारी सुटी असते. कोकणातून गेलेल्यांच्या पणत्या तिला भेटल्या आणि मोडक्या मराठीत तिला "जेवलीस का?" म्हणून विचारले. माझ्या डोळ्यांना पाणी आले.

पण अडचण तिथेही आलीच. पहिले दोन महिने तिला नुसत्या खोल्या आवरायला लावल्या. मी हिशेब केला. वीस श्रेयांक म्हणजे ६०० तास, रोज आठ धरले तर ७५ दिवस. त्यातले साठ दिवस चादरी बदलण्यात गेले तर शिकली काय? तिने पत्रातला मजकूर दाखवून आपल्या प्राध्यापकांना कळवले. त्यांनी हॉटेलला लिहिले, आणि पुढच्या आठवड्यात तिला स्वयंपाकघरात आणि मग हिशेबखात्यात बसवले. पत्र नसते तर तिने कोणाला काय दाखवले असते? श्रेयांक हे राबण्याचे माप नव्हे, शिकण्याचे आहे. स्वस्तात हात मिळतात म्हणून परक्या मुलींना बोलावणारे लोक जगात सगळीकडे आहेत. त्यांना आपण फुकट पोरी पुरवायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग धुणीभांडी करून शिकताच येत नाही का? येते. आपल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले पाहा. १८७० सालचा जन्म, विसाव्या वर्षी वैधव्य. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी आयुष्य वेचले. पन्नाशीला आल्या असताना, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून शिकल्या. १९२० साली परतल्या. कोणत्या विद्यापीठाने त्यांना श्रेयांक दिले? कोणी नाही. पण आपण कशासाठी आलो आहोत हे त्या हातात बशी असतानाही विसरल्या नाहीत. मुलीला पाठवताना ही आठवण बरोबर द्यावी, आणि पार्वतीबाईंना जो कागद मिळाला नाही तोही द्यावा. एकाशिवाय दुसरे अपुरे.

तेव्हा कोणाच्या घरी असा प्रश्न आला तर पाच गोष्टी विचाराव्या. निघण्यापूर्वी कॉलेजची लेखी मान्यता आहे का? श्रेयांक किती आणि कोणत्या सत्रात जमा होणार? तिथे शिकवणारा आणि सही करणारा माणूस कोण? व्हिसा कोणत्या प्रकारचा? आणि मध्येच परतावे लागले तर सत्राचे काय? पाचांतल्या एकाचेही उत्तर "आपोआप" असे आले, तर पदर खोचून उठावे.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी एक तास आपण अशा कागदांसाठी ठेवू या. ज्यांच्या मुली बाहेर निघाल्या आहेत त्यांनी पत्र आणावे, आपल्यातल्या शिकलेल्या भगिनींनी ते मराठीत समजावून सांगावे. आणखी एक. २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची वाट ठेवली आहे. आपण वर्षानुवर्षे आंबापोळी, फणसपोळी, कोकमे करतो, माल विकतो, जमाखर्च ठेवतो. त्याचीही तारीखवार नोंद आजपासून ठेवावी. उद्या आपल्यातल्या एखादीला पुढे शिकावेसे वाटले, तर तिच्या हातात वही तरी असेल. मी स्वतः कालच एक वही आणली आहे.