गोठलेला खांदा आणि बेताचा व्यायाम



उंचावरची वस्तू काढणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, वेणी घालणे, पाठीमागून पदर सावरून घेणे ही कामे आपण दिवसातून अनेकदा करतो आणि केल्याचे स्मरणही ठेवीत नाही. खांदा आखडला म्हणजे मात्र यांतील एकेका कामासाठी घरातल्या कोणाची तरी वाट पाहावी लागते. वेदना मनुष्य पुष्कळ सोसतो. हे परावलंबन त्याला अधिक बोचते. अशा आखडलेल्या खांद्याविषयी आणि त्याला पुन्हा मोकळे करणाऱ्या व्यायामाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी वैद्य नव्हे. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर आमचे कापडाचे दुकान आहे. डोक्यावरच्या फळ्यांवरून इरकली लुगडी नि खणांच्या घड्या काढून गिऱ्हाइकांपुढे उलगडणे हा आमचा नित्याचा उद्योग. वयाच्या ५२ व्या वर्षी माझा डावा खांदा दुखू लागला. प्रथम रात्री त्या कुशीवर निजता येईना; पुढे चार महिन्यांत हात खांद्याच्या रेषेपर्यंतही पोचेना. दुकानात फळीवरचे कापड नोकराने काढून द्यावे आणि घरी सदरा पत्नीने चढवून द्यावा, अशी अवस्था झाली.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणाले, हात गळ्यात बांधा आणि स्वस्थ बसा. कोणी म्हणाले, दोन जोराचे झटके द्या, सूर्यनमस्कार घाला, आपोआप सुटेल. हे दोन्ही सल्ले मनापासून दिलेले होते. पण खांद्यात नेमके काय बिघडले आहे, याचा विचार दोहोंतही नव्हता.

डॉक्टरांनी माझा हात स्वतः धरून उचलून पाहिला. माझ्या प्रयत्नाने तो जेथे अडत होता, तेथेच तो त्यांच्या प्रयत्नानेही अडला. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या अंगाला वळवणे तर जवळजवळ अशक्य झाले होते. क्ष-किरणांच्या चित्रात काही दोष दिसला नाही. या विकाराची ही ओळखीची लक्षणे होत. स्नायूची दोरी तुटली असेल तर रोग्याला आपला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. डॉक्टरांनी रक्तातील साखरही तपासावयास सांगितली, कारण मधुमेह्यांना हा विकार इतरांपेक्षा पुष्कळ अधिक होतो. माझी साखर वाढलेली निघाली. खांदा दुखला नसता, तर ते कळावयास किती वर्षे गेली असती कोण जाणे!

बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली आपल्या ग्रंथात या विकाराला ‘गोठलेला खांदा’ असे नाव दिले. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते आणि तिच्याभोवती एक सैलसर पिशवी असते. या सैलपणामुळेच आपला हात चहूकडे फिरतो. या विकारात त्या पिशवीला दाह होतो, ती जाड होते आणि आकसते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, तो अधिक आढळतो. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा आणि शेवटी हळूहळू सैल होण्याचा, असे त्याचे तीन टप्पे मानतात. हा सारा प्रवास एक ते तीन वर्षांचा, क्वचित त्याहूनही लांबीचा असतो.

मला व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, पाठवण्यात आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू झाले. आज धारवाड आणि बेळगाव येथेही त्याची महाविद्यालये आहेत. माझी मार्गदर्शक माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने पहिल्याच दिवशी मला भिंतीपाशी उभे केले, बोटे भिंतीवरून वर चालवावयास सांगितली आणि ती जेथे थांबली तेथे पेन्सिलीने रेघ ओढली. ती म्हणाली, “काका, किती दुखलं ते मला रोज सांगू नका, बोट कुठवर गेलं ते सांगा.”

व्यायाम साधेच होते. आधी दहा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेकावयाचे. मग चांगला हात मेजावर टेकून कमरेत वाकावयाचे आणि दुखरा हात लोलकासारखा लोंबता सोडून अंगाच्या झोक्याने फिरवावयाचा. यालाही कॉडमन यांचेच नाव आहे. त्यानंतर भिंतीवर बोटांची चढण. शेवटी दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलावयाचे. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी थोडे. तिचा एक नियम मला फार उपयोगी पडला: व्यायामाने उठलेली कळ अर्ध्या तासात उतरली तर मात्रा बरोबर, रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी.

या नियमाशी जुळणारा पुरावा आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००४ साली ७७ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. वेदनेच्या मर्यादेत बेताची हालचाल करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांअखेर जवळजवळ पूर्ववत झाला. वेदना सोसून जोराने ताणणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. ब्रिटनमध्ये ५०३ रोग्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन उपायांची तुलना केली होती: भूल देऊन सांधा मोकळा करणे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, आणि सांध्यात इंजेक्शन देऊन पद्धतशीर व्यायाम. वर्षअखेर तिन्ही गटांना आराम पडला होता आणि कोणताही उपाय इतरांहून म्हणण्यासारखा सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची गरज काहींना पडतेच. पण व्यायामाला दुय्यम समजण्याचे कारण नाही.

पहिल्या दीड महिन्यात माझी भिंतीवरची रेघ जेमतेम चार बोटे वर सरकली. याच काळात पुष्कळ लोक कंटाळून व्यायाम सोडतात. मीही सोडला असता. पण भिंतीवर रेघ होती आणि आठवड्याने ती पाहणारे कोणी होते. अकराव्या महिन्यात मी वरच्या फळीवरचे लुगडे स्वतः काढले. पाठीमागे हात नेताना अजून थोडे अडते. तेवढे राहिले आहे.

दोन इशारे देणे अगत्याचे आहे. छातीत दाटून येऊन खांद्यात किंवा हातात कळ आली, घाम सुटला, धाप लागली, तर तो व्यायामाचा विषय नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे. पडल्यानंतरचे दुखणे, ताप, अथवा हातातील शक्ती एकाएकी जाणे, हेही डॉक्टरांना आधी दाखवावे.

एरवी ज्यांचा खांदा आखडला असेल त्यांनी प्रथम निदान करून घ्यावे, साखर तपासावी आणि जाणत्या माणसाकडून व्यायाम शिकून तो रोज करावा. घरच्या मंडळींनीही एक करावे: हात ओढून पाहू नये, रेघ कुठवर गेली एवढे मात्र अधूनमधून विचारावे.