बाशिंगाच्या खोडातले ऋतू

सह्याद्रीच्या रानात झाडांच्या बुंध्यांना आणि कातळांना बिलगून वाढणारे ‘बाशिंग’ हे नेचे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला मेलेलेच वाटते. कारण त्याच्या लांब पानांच्या पात्या गळून काटक्यांसारख्या मधल्या शिरा तेवढ्या उरतात आणि बुडाशी पालापाचोळा साठवणारी आखूड, तपकिरी पाने कागदासारखी कडक झालेली असतात. या वाळक्या पसाऱ्याखाली मात्र बोटभर जाडीचे, आडवे सरपटणारे खोड, म्हणजेच मूलक्षोड, जिवंत असते. त्याच्यावर तपकिरी खवल्यांचे दाट पांघरूण असते, आणि आतल्या मृदूतकात, म्हणजे पातळ भिंतींच्या साठवणीच्या पेशींत, पावसाळ्यातल्या कमाईचा स्टार्च असतो.

उन्हाळ्यात सागही निष्पर्ण होतो. पण त्याच्या लाकडाभोवती, सालीच्या आत, ऊतककर नावाचा विभाजनक्षम पेशींचा थर असतो, आणि वाढ पुन्हा सुरू झाली की तो थर नवे लाकूड घडवतो, त्यामुळे सागाच्या कापात वर्षांची वलये दिसतात. नेच्यांत, थोडे अपवाद सोडता, असा थर नसतोच. त्यांची वाढ खोडाच्या टोकाशी असलेल्या एकाच अग्रपेशीच्या विभाजनांतून होते, खोड लांबते पण जुना भाग पुन्हा जाड होत नाही. म्हणून पाणी वाहणारे प्रकाष्ठ आणि अन्न वाहणारे परिकाष्ठ एकदा जे घडले, त्यावरच तो भाग जिवंत असेपर्यंतचा सारा कारभार चालवावा लागतो. साग निकामी परिकाष्ठाच्या जागी नवे घडवतो, तर नेच्याच्या त्याच नाजूक पेशी कित्येक कोरडे ऋतू काढतात, आणि खरे नवल इथेच आहे.

नेच्याची प्रसुप्ती, म्हणजे प्रतिकूल ऋतूतली झोप, ही निव्वळ थांबणूकही नव्हे. थंड प्रदेशांतील अनेक नेच्यांची पाने उघडण्याच्या एखाद-दोन वर्षे आधीच टोकाशी सूक्ष्म रूपात घडून तयार असतात, आणि ऋतू अनुकूल होताच ती घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी उलगडतात.

बाशिंगाच्या खोडावर गेल्या ऋतूंची नोंद शोधायची, तर ती कापात नव्हे, लांबीत शोधावी लागते: टोकाकडे हिरवे कोंब, त्यामागे गळलेल्या पानांचे खुंट, आणि त्याहूनही मागे कुजत चाललेले शेपूट, जे खोडाच्या फाट्यापर्यंत कुजल्यावर त्याच्या दोन फांद्या सुट्या होऊन एका रोपाची दोन रोपे होतात.