श्रद्धा, सत्कर्म आणि हिशेबाची वही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीत धर्माचा विषय निघाला की बहुधा दोन उत्तरे ऐकू येतात. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, चळवळीला तिच्याशी कर्तव्य नाही, हे पहिले. धर्मातील सेवेचा भाग तेवढा घ्यावा आणि श्रद्धेचा भाग सोडून द्यावा, हे दुसरे. दुसरे उत्तर वरवर उदार वाटते. परंतु ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत ते टिकत नाही. श्रद्धा आणि सत्कर्म यांचे नाते काय, हा त्या धर्मातील अगदी आरंभापासूनचा वाद आहे. त्या वादापायी पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले. भारतात ख्रिस्ती सेवाकार्याविषयी जो संशय वारंवार व्यक्त होतो, त्याचे उत्तरही या वादाच्या पोटातच आहे. म्हणून हा प्रश्न केवळ धर्मपंडितांवर सोपवून चालणार नाही.

वादाची सुरुवात जेवणाच्या पंगतीपासून होते. अंत्युखिया नगरात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत असत. प्रेषित पेत्रही त्यांच्यात बसे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही कर्मठ माणसे आली, तेव्हा पेत्र हळूच पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला चारचौघांत तोंडावर दोष दिला. ही हकिकत पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवली आहे. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, हा त्याचा सिद्धांत या भांडणाच्या संदर्भात वाचावयास हवा. सुंता, खाण्यापिण्याचे विधिनिषेध, सोवळेओवळे यांच्या बळावर देवापुढे कोणाचा मान वरचा ठरत नाही, असे तो सांगत होता. सहभोजनाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकाला या सिद्धांताचा सामाजिक अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु कोणताही मुक्तिदायी सिद्धांत आळशी माणसाच्या हाती पडला की त्याची सबब होते. याकोबाच्या नावाने नव्या करारात जे पत्र आहे, ते या सबबीवरच कोरडे ओढते. एखाद्या भावाच्या अंगावर वस्त्र नाही, बहिणीच्या पोटात अन्न नाही, आणि श्रद्धावान माणूस त्यांना नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावतो; अशा श्रद्धेत प्राण नाही, असे पत्रकर्त्याचे म्हणणे आहे. विशेष म्हणजे पौल आणि याकोब दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात. त्याने देवावर विश्वास ठेवला, याकडे पौल बोट दाखवतो. त्या विश्वासापायी तो मुलाचा बळी देण्यासही सिद्ध झाला, याकडे याकोब. पत्राच्या पाचव्या अध्यायात तर याकोब थेट जमीनदारांच्या दारात येऊन उभा राहतो. पीक कापणाऱ्या मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी आक्रोश करीत आहे आणि तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे, असे तो बजावतो. त्याच्या लेखी सत्कर्माचा अर्थ भिक्षा एवढाच नाही; हक्काची मजुरी हाही त्यात आला.

पंधराशे वर्षांनी हा वाद पुन्हा पेटला तो पैशाच्या व्यवहारावरून. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम चालू होते. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले होते. पापक्षमापत्रांच्या विक्रीतून निम्मी रक्कम रोमला जावी आणि निम्मी कर्जफेडीकडे वळावी, असा करार झाला. योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक गावोगाव ही पत्रे खपवीत हिंडू लागला. 1517 साली मार्टिन ल्यूथरने विटेनबर्ग येथे आपली 95 विधाने पुढे केली, ती या बाजाराविरुद्ध. देवाची कृपा विकत मिळत नाही, पुण्याची पुंजी साठवून ती वटवता येत नाही, हे त्याच्या विचाराचे मर्म होते. 1522 साली बायबलातील नव्या कराराचे जर्मन भाषांतर करताना त्याने पौलाच्या वाक्यात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्राला प्रस्तावनेत वाळल्या गवताची उपमा दिली.

ल्यूथर सत्कर्माचा वैरी होता, असा मात्र याचा अर्थ नव्हे. झाड चांगले असेल तर फळ चांगले येते, फळे लटकवून झाड चांगले होत नाही, हा दाखला त्याने 1520 सालच्या आपल्या निबंधात दिला आहे. लाइस्निग या लहानशा नगराने 1523 साली गोरगरिबांसाठी सार्वजनिक निधीची योजना केली, तेव्हा तिला त्याने प्रस्तावना लिहिली. देवाला सत्कर्माची गरज नाही, शेजाऱ्याला आहे, असा त्याचा विचार. सत्कर्म स्वर्गाच्या हिशेबातून सुटले की ते खरोखर शेजाऱ्याचे होते. हा विचार आजही मोलाचा आहे.

तरीही 1525 साल ल्यूथरच्या मागे कायमचे लागले आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मेमिंगेन येथे जर्मन शेतकऱ्यांनी आपली बारा कलमे मांडली. धर्मगुरू निवडण्याचा अधिकार गावाला असावा, दशांशाचा जुलूम थांबावा, रान, शिकार आणि मासेमारी यांवरील सरदारांची मक्तेदारी जावी, आणि भूदासत्व नष्ट व्हावे, अशा त्या मागण्या होत्या. भूदासत्वाविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद सरळ होता: ख्रिस्ताने आपल्या रक्ताने धनगराला आणि सरदाराला सारखेच सोडवले आहे, मग एक दुसऱ्याच्या मालकीचा कसा? ल्यूथरने प्रथम दोन्ही बाजूंना कानपिचक्या दिल्या. परंतु बंड पसरताच त्याने शेतकऱ्यांची निर्दयपणे कत्तल करण्याचे आवाहन राजेरजवाड्यांना केले. 15 मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे शेतकऱ्यांचे सैन्य चिरडले गेले. त्यांचा नेता, धर्मोपदेशक थोमास म्युंत्सर, याचा 27 मे रोजी शिरच्छेद झाला.

ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे, हे ल्यूथरचे उत्तर. अंत्युखियात ज्या सिद्धांताने पंगतीतील भिंत पाडली, तोच सिद्धांत येथे अंतःकरणाच्या कोठडीत बंद झाला. फ्रेडरिक एंगल्सने 1850 साली या युद्धावर पुस्तक लिहिले आणि धार्मिक भाषेच्या बुरख्याआड वर्गांचे हितसंबंध कसे झुंजत होते, हे उलगडून दाखवले. ते विश्लेषण मोलाचेच. पण बुरखा हा शब्द अपुरा पडतो. ख्रिस्ताने आपल्याला सोडवले आहे, हा विश्वास शेतकऱ्यांच्या मागणीचे वरचे वेष्टन नव्हते. मान वर करून ती मागणी करण्याचे धैर्यच त्यातून आले होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 साली कॅथलिक पक्ष नक्की केला: आरंभ देवाच्या कृपेनेच होतो, पण मनुष्याने त्या कृपेला साथ द्यावी लागते आणि प्रीतीवाचून श्रद्धा पुरी पडत नाही. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. स्वीकार कृपेने होतो, पुण्याईने नव्हे. आणि सत्कर्मे हे त्या स्वीकाराचे फळ होय, हा त्याचा आशय. ज्या नगरातील सावकाराच्या कर्जातून भांडण उद्भवले, त्याच नगरात दिलजमाई व्हावी, हा इतिहासाचा एक योगायोग.

परंतु या प्रश्नाचा सर्वांत जिवंत दाखला हवा असेल, तर आउग्सबुर्गला जाण्याचे कारण नाही. दौंड तालुक्यातील केडगाव पुरेसे आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले लंडनमधील फुलहॅमचे सेवाकेंद्र त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते. अशा स्त्रियांना माणूस मानणारा धर्म कोणता, या प्रश्नाने रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या बाबतीत सत्कर्म आधी दिसले, श्रद्धा मागून आली. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

रमाबाईंनी 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मात्र एक विलक्षण कबुली आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली, असे त्या सांगतात. स्वतःच्या गुणांवर काही मिळवायचे नाही, ही जाणीव त्यांना तेव्हा झाली. आता कोणी म्हणेल की, अशी जाणीव झालेली व्यक्ती जपमाळ ओढीत बसेल. घडले ते नेमके उलटे. 1889 साली मुंबईत सुरू होऊन पुण्यास आलेले शारदा सदन मोजक्या विधवांचे होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व दलालांच्या हाती पडून नष्ट झाल्या असत्या अशा शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती आली, विणकाम आले, छापखाना आला, अंध मुलींचे शिक्षण आले. फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्या स्त्रियांसाठी तेथे जे घर बांधले, त्याचे नाव कृपासदन. श्रद्धा आणि सत्कर्म यांचा सगळा वाद त्या एका नावात मिटलेला आहे.

रमाबाईंच्या कार्याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 साली वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केली नाही, पण दार बंदही केले नाही. दोन्ही पक्षांत तथ्य होते. आश्रयाला आलेल्या अनाथ मुलीची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न द्वेषातून विचारला जातो म्हणून तो खोटा ठरत नाही.

सेवेविषयीचा भारतातील संशय येथूनच येतो. ओरिसाने 1967 साली आणि मध्य प्रदेशाने 1968 साली बळजबरी, आमिष वा फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ते वैध ठरवले, आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे आणले. या कायद्यांच्या आडून दवाखाना, शाळा, प्रार्थना या सर्वांनाच ‘आमिष’ ठरवण्याचे राजकारण चालते. त्याला समाजवाद्यांनी निःसंदिग्ध विरोध केला पाहिजे. परंतु त्या विरोधाला सैद्धांतिक पाया हवा असेल, तर तो ख्रिस्ती विचारातच आहे. कृपा विकत घेता येत नाही, तर श्रद्धाही विकत घेता येत नाही. भाकरीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणारा प्रचारक टेट्झेलच्याच पेढीवर बसलेला असतो. फक्त नाणे बदललेले असते. आणि भाकरी देणाऱ्या प्रत्येकाला व्यापारी समजणारा राजकारणीही त्याच पेढीचा गिऱ्हाईक होय. निरपेक्ष देणे ही गोष्ट त्याच्या कल्पनेतच बसत नाही.

उलट टोकालाही धोका आहेच. हिटलरच्या काळात जर्मनीतील लुथरन चर्चचा मोठा भाग ‘केवळ विश्वास’ या मंत्राच्या आडोशाला स्वस्थ बसला. त्याच परंपरेतील डिट्रिख बोनहोफरने 1937 सालच्या आपल्या ग्रंथात या स्वस्त झालेल्या कृपेवर घणाघात केला: जी माणसाकडून काहीच मागत नाही, ती कृपा नव्हे. तो केवळ लिहून थांबला नाही. हिटलरविरोधी कटात तो सामील झाला आणि 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेला. भारतातही झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कासाठी आयुष्य वेचलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी मुंबईत कोठडीतच मृत्यू पावले. तेव्हा त्यांचे वय 84 होते आणि आजारपणामुळे मागितलेला जामीन त्यांना मिळालेला नव्हता. त्यांची श्रद्धा कोणत्या पंथाची, हा प्रश्न त्या आदिवासींनी कधी महत्त्वाचा मानला असेल, असे वाटत नाही.

चळवळीतील कार्यकर्त्याला हा सारा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. पक्षाचे सभासदत्व हेच क्षमापत्र समजून वर्षानुवर्षे बिल्ला मिरवणारे निष्ठावंत प्रत्येक पक्षात आहेत. याकोबाचे पत्र त्यांच्यासाठी आहे. दुसरीकडे मोर्चे, शिबिरे, तुरुंगवास यांची जमाखर्चाची वही जवळ बाळगून पदाच्या वेळी ती उघडणारे कार्यकर्तेही आहेत. पौलाचे पत्र त्यांच्यासाठी आहे. श्रद्धेवाचून केलेले काम लवकरच हिशेब मागू लागते, आणि कामावाचून बाळगलेली श्रद्धा हिशेबच चुकवते.

देव आहे की नाही, याविषयी ख्रिस्ती सेवक आणि समाजवादी कार्यकर्ता यांचे एकमत होणार नाही. ते व्हावे असा आग्रहही नको. पण मराठवाड्यातून उचल घेऊन निघालेले ऊसतोड कुटुंब हंगामाअखेर कर्जातच परतते, तेव्हा याकोबाने ऐकलेला तोच आक्रोश पुन्हा उठतो. त्या फडाच्या बांधावर कोण येऊन उभा राहतो, आणि मोबदल्यात काही न मागता किती दिवस उभा राहतो, यावरच दोघांचीही श्रद्धा पारखली जाईल.