नव्वद दिवसांची आजी

मागच्या भागात मी नेदरलँड्सहून जर्मनीला नोकरी बदलण्याबद्दल बोललो आणि ओघात सांगून गेलो की तेव्हा आमची मुलगी तीन महिन्यांची होती. त्यानंतर आलेल्या निरोपांत नोकरीबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: एवढं तान्हं बाळ घेऊन देश बदलता येतो का? म्हणून आज फक्त तेवढंच.

नवीन श्रोत्यांसाठी थोडी ओळख. मी सांगलीचा, बायको कोल्हापूरची. बीटेक, मग पुण्यात तीन वर्षं, मग आइंडहोवेन. आइंडहोवेन म्हणजे फिलिप्सचं गाव. शेजारी फेल्डहोवेनला एएसएमएलचं मुख्यालय, त्यामुळे बसमध्ये मराठी कानावर पडलं तरी कुणी वळून बघत नाही. मी स्वतः या दोन्हींपैकी कुठेच नव्हतो, एका छोट्या कंपनीत होतो, मुदतीच्या करारावर. हे ‘मुदतीच्या’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोनं ठरवलं की इथेच करायचं. मग माहेर इकडे आणायचं, म्हणजे सासूबाईंना. मी त्यांना आईच म्हणतो. आता शेंगेन व्हिसाचा नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. नव्वद दिवस ऐकायला भरपूर वाटतात. पण ते सुरू कधी करायचे? डॉक्टरांनी दिलेली तारीख हा शेवटी अंदाज. आई लवकर आल्या तर वाट बघण्यात दिवस जाणार, उशिरा आल्या तर ऐन वेळी आपण दोघंच. मी चक्क स्प्रेडशीट केली. शेवटी तारखेच्या पंधरा दिवस आधीचं तिकीट काढलं. मुलगी शहाण्यासारखी जवळजवळ वेळेवर आली, म्हणजे बाळासोबत आजीचे पंचाहत्तर दिवस.

नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर एक फार छान गोष्ट मिळते, तिला म्हणतात क्रामझोर्ख. पहिले साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. आईची तपासणी, बाळाचं वजन, ताप, दूध नीट पितंय का, आणि वर घरातलं थोडं कामही. खर्च बहुतांशी विम्यातून. तिची अट एकच, पलंग उंच हवा. तिला रोज वाकायला लागून तिची पाठ जाऊ नये म्हणून पलंग ठोकळ्यांवर चढवून साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत न्यायचा. ठोकळे भाड्याने मिळतात. आईंनी तो पलंग पाहिला आणि म्हणाल्या, “सत्यनारायण मांडायचाय का यावर?”

मला भीती होती ती या दोघींची. एकीला डच आणि इंग्रजी, दुसरीला मराठी आणि ठाम मतं. पहिल्या दिवशी खटके उडालेच. आईंनी शिवून आणलेलं दुपटं आणि मऊ गोधडी पाळण्यात घातली, बाईंनी शांतपणे बाहेर काढली. बाळ पाठीवर, उशी नाही, सैल पांघरूण नाही. काजळाचा विषय त्यांनी हाताच्या एका इशाऱ्यात संपवला. धुरीचा प्रश्नच नव्हता. निखारे आणणार कुठून? आणि २०२२ पासून तिथे घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. ओवा-वावडिंगाची पुरचुंडी सामानातच राहिली.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी गरम पाण्याची धातूची बाटली कापडी पिशवीत घालून, झाकण घट्ट आहे का ते दोनदा तपासून, बाळाच्या अंथरुणात ठेवली. आईंचा चेहरा उजळला. “शेगडी नाही, पण शेक आहे की यांच्यात!” मग आईंनी जमिनीवर बसून, पाय लांब करून, नातीला नडग्यांवर घेऊन आंघोळ घातली. बाई बघत राहिल्या. पाण्यात थर्मामीटर बुडवून बघितला, आकडा बरोबर निघाला, मग स्वतःच खाली बसल्या. पुढचे दिवस आंघोळ आईंची आणि वजन बाईंचं अशी वाटणी झाली.

आणखी एक. तिथे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेचा लेप दिलेल्या दाण्यांचा थर देतात. त्या दाण्यांना म्हणतात ‘उंदीरपिल्लं’. मुलगी झाली की गुलाबी-पांढरी. आईंनी एक दाणा चावला आणि म्हणाल्या, “ही तर बडीशेपच्या जातीतली!” खरंच, ती अॅनिसीड असते, आणि बाळंतिणीला दूध यायला ती चांगली असं तिथेही पूर्वीपासून मानतात. आपण बाळंतशेपा देतो, ते गुलाबी साखरेतून देतात. डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर बाईंनीही आवडीने खाल्ली.

आता नाव. आपलं बारसं बाराव्या दिवशी. तिथे जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत व्हायला हवी, नावासकट. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, “बारशाआधी नाव सांगायचं नसतं रे.” मी म्हटलं, सरकारला सांगतो, तुम्हाला नाही सांगत. आणि तसंच केलं. बाराव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर नाव जाहीर झालं, तेव्हा ते सरकारदरबारी नऊ-दहा दिवस जुनं होतं. मधलं नाव ही कल्पनाही तिथे नाही. आडनाव नाही ते सगळं पहिलं नाव. त्यामुळे माझं नाव हे माझ्या मुलीचं दुसरं ‘पहिलं नाव’ झालं. सरकारी पत्रांत आता तिच्या नावात मी पण असतो.

इथवर सगळं ठीक होतं. सव्वा महिना व्हायला आठवडा बाकी असताना कंपनीनं कळवलं की करार पुढे वाढवणार नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे एक महिना आधी कळवावं लागतं, तसं त्यांनी कळवलं. माझ्या प्रकारच्या परवान्यावर नोकरी संपल्यापासून नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. नाही मिळाली तर तिघांनी परत. परत जाणं हे काही संकट नाही, सांगली आहेच. पण बायकोचे टाके अजून दुखत होते, मुलगी दर दोन तासांनी उठत होती, आणि मी पहाटे चारला तिला खांद्यावर टाकून अल्गोरिदमचे प्रश्न सोडवत होतो. मुलाखतीच्या तयारीला ती वेळ वाईट नाही, हे मात्र खरं. कुणी मध्ये मेसेज करत नाही.

सातव्या आठवड्यात म्युनिकहून ऑफर आली.

आता कागद. नेदरलँड्समध्ये जन्मली म्हणून ती डच होत नाही. आईवडील दोघेही भारतीय, त्यामुळे भारतीय दूतावासात जन्माची नोंद करायची. एक वर्षाच्या आत करायची असते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. मग तिचा पासपोर्ट. तो आल्यावर जर्मन व्हिसा. म्हणजे तिघांच्या प्रवासाची गाडी एका दोन महिन्यांच्या बाळाच्या पासपोर्टवर अडलेली. फोटोचे नियम तुम्हाला माहीत आहेत: डोळे उघडे, तोंड बंद, नजर समोर, मागे पांढरं, कुणाचा हात दिसता कामा नये. हे नियम करणाऱ्यानं कधी बाळ पाहिलं असेल का? पांढऱ्या चादरीवर झोपवून, वरून फोन धरून, आई मागून खुळखुळा वाजवतायत, असे एकशे चाळीस फोटो. एक चालला. त्यात ती एखाद्या कडक हेडमास्तरीणबाईंसारखी दिसते.

नगरपालिकेतून जन्माचा दाखला घेताना बहुभाषिक उतारा मागून घ्या, भाषांतराचा खर्च वाचतो. दोन-तीन प्रती घ्या. हे तेवढं लिहून ठेवा.

आणि मग आईंचे नव्वद दिवस संपले. मला आधी वाटलं होतं, देश बदलतोय तर दिवस नव्याने मोजतील. तसं नसतं. जर्मनी आणि नेदरलँड्स दोन्ही शेंगेनमध्ये, मोजणी एकच चालू राहते. आम्ही निघायच्या दोन आठवडे आधी आईंना स्किपोल विमानतळावर सोडलं. परतीच्या ट्रेनमध्ये बायको काही बोलली नाही.

ते दोन आठवडे सगळ्यात अवघड. पासपोर्ट, व्हिसा, मुलाखती या गोष्टी ऐकणाऱ्याला मोठ्या वाटतात, पण त्यांना क्रमांक असतो, तारीख असते, खिडकीपलीकडे कुणीतरी असतं. मी रोज एक फाइल घेऊन बाहेर पडायचो आणि काहीतरी पुरं करून यायचो. घरात ती, बाळ आणि अर्धवट भरलेली खोकी. क्रामझोर्खवाल्या बाई आठ दिवसांनी गेल्या होत्या, कारण त्यांचं काम तेवढंच. सुईणीनं केस पुरी करून बालआरोग्य केंद्राकडे दिली होती. केंद्रानं ‘तुम्ही जाताय’ म्हणून फाइल बंद करायला घेतली होती. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. पण नेदरलँड्सनं सोडलेलं आणि जर्मनीनं अजून न धरलेलं, असं मधलं जे काही होतं, ते सगळं तिच्या मांडीवर. एका संध्याकाळी ती म्हणाली, “तुझ्या फाइलमध्ये सगळ्यांचे कागद आहेत. माझं कुणी विचारतंय का?” मी फाइल बाजूला ठेवली, भात टाकला, बाळाला घेऊन दोन तास बाहेर चालून आलो. ती झोपली. दुसऱ्या दिवसापासून बाहेरची कामं सकाळी दोन तासच, असं ठरवलं. बाकीची खोकी तशीच अर्धवट गेली, एका खोक्यात तर कुकर आणि दुपटी एकत्र.

प्रवास सोपा झाला, हे मात्र मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांना त्याचीच भीती असते. ट्रेननं गेलो. फेनलोला सीमा ओलांडली, ड्युसेलडॉर्फहून लांब पल्ल्याची आयसीई. जर्मन आयसीईमध्ये लहान मुलांसाठी वेगळा छोटा डबा असतो, त्यातल्या जागा आधी राखून ठेवता येतात. बाबागाडी आत मावते, पाजायला आडोसा मिळतो. तीन महिन्यांचं बाळ प्रवासात उत्तम. ते चालत नाही, खाऊ मागत नाही, गाडीच्या लयीत झोपतं. दोन वर्षांच्या मुलासोबत मी हे केलं असतं का? विचारू नका.

म्युनिकमध्ये बालरोगतज्ज्ञ मिळायला वेळ लागला. नवीन बाळ घेत नाही असं तिघांनी सांगितलं, चौथीकडे जागा होती. तिनं मुलीचं डच पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, “पहिलं इंजेक्शन दोन महिन्यांना असतं, हिचं का झालं नाही?” गंमत अशी की नेदरलँड्समध्ये आईनं गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली असेल तर बाळाचं पहिलं इंजेक्शन साधारण तीन महिन्यांना असतं. आमची तारीख नेमकी सामान हलवायच्या आठवड्यातली. म्हणजे एकच बाळ, एकच दिवस, एका देशाच्या हिशेबानं वेळेवर आणि दुसऱ्याच्या हिशेबानं महिनाभर उशीर. डॉक्टरांनी वाद न घालता त्याच दिवशी टोचलं. व्हिटॅमिन डीचंही तसंच. तिकडे थेंब, १० मायक्रोग्रॅम. इकडे गोळ्या, आणि त्यावर आकडा ५०० युनिट. बायको घाबरली, पन्नास पट? १० मायक्रोग्रॅम म्हणजेच ४०० युनिट, एकक फक्त वेगळं. तेव्हा देश बदलताना औषधाचं एकक बघा, नुसता आकडा नको.

जर्मनीत बाळंतपणानंतर सुईण घरी येते, तिला हेबामे म्हणतात. विम्यातून, बारा आठवड्यांपर्यंत. आम्ही पोचलो तेराव्या आठवड्यात. पण चौकशीत कळलं की त्यानंतरही दूध पाजण्याबद्दल अडचण असेल तर ती येऊ शकते. बायकोनं ताबडतोब एक अडचण शोधली. हेबामे आली, दहा मिनिटं दुधाबद्दल बोलली, मग मला दाराकडे बोट दाखवून फिरायला पाठवलं. तासाभरानं परत आलो तर दोघी चहा पीत होत्या आणि बायकोचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात अडचण अजून सुटलेली नव्हती, म्हणून हेबामे परत आली.

पत्ता नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत मुलीच्या नावानं पत्र आलं. तिचा स्वतःचा आयकर क्रमांक. मान अजून पुरती धरत नाही, पण कर भरायला सज्ज.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. तान्ह्या बाळाला घेऊन देश बदलता येतो, बाळाची फार काळजी करू नका. तारीख तुमच्या हातात असेल तर घर आजी असताना हलवा, आजी गेल्यावर नाही. नव्या देशात पोचायच्या आधी डॉक्टर आणि सुईण शोधायला लागा, घर नंतर. आणि बायकोला कागदांच्या कामातलं काहीतरी द्या, तुम्ही पाळण्याकडचं काहीतरी घ्या. बाहेर पडायला मिळणं हीसुद्धा त्या दिवसांत चैन असते.

आमची स्प्रेडशीट अजून चालू आहे. आई पहिल्यांदा उतरल्या त्या दिवसापासून १८० दिवस झाले की त्यांना पुन्हा नव्वद दिवस येता येईल. तेव्हा मुलगी साडेपाच महिन्यांची असेल, म्हणजे उष्टावणाला आजी हजर. तिकीट काढलंय. चांदीची वाटी त्या आणणारच आहेत, आम्ही फक्त हळीव आणि मेतकूट सांगितलंय. ओवा-वावडिंगाची पुरचुंडी आमच्याकडे अजून तशीच आहे, ती परत आणू नका म्हणून सांगितलंय, तरी आणतील.